चकव्याचा चेंडू

मैत्रिणींनो, क्रिकेटचं आपल्याला थोडंफार तरी कळतं. घरातली मंडळी सामना लावून बसलेली असतात, आपण पोळ्या लाटता लाटता ‘कोण आउट झालं रे?’ असं विचारतो, आणि गुगली, यॉर्कर, फुलटॉस हे शब्द कधी ओळखीचे होऊन जातात ते कळतही नाही. बेसबॉलचं मात्र तसं नाही. इंग्रजी सिनेमात दिसणारा, एका हातात भलामोठा चामडी मोजा घालून खेळायचा खेळ, एवढीच आपली त्याची ओळख. त्यात तो व्हिडिओ गेममधला बेसबॉल असेल, तर विचारूच नका!

पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या मोझरीच्या घरात चार दिवस दुसरा विषयच नव्हता.

त्याचं झालं असं. बचत गटाच्या बैठकीला मी गावोगाव जाते. हिशेब झाले, सह्या झाल्या की बायका मोकळ्या होतात आणि मग एक गाऱ्हाणं हमखास येतं, ‘ताई, पोट्टा मोबाइलमधून डोकंच काढत नाही.’ मी त्यांना एकच विचारते, ‘तो काय खेळतो, ते माहीत आहे का?’ बहुतेकींना माहीत नसतं. ‘काहीतरी मारामारीचं असते बावा’, एवढंच उत्तर. दुसऱ्यांना असा प्रश्न विचारायचा तर आपल्या घरातलं तरी आपल्याला माहीत असायला हवं. म्हणून नागपूरहून आलेला माझा बारा वर्षांचा पुतण्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ‘निन्टेन्डो स्विच’ घेऊन बसला, तेव्हा मी भाजणीचं पीठ बाजूला ठेवलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.

स्विच म्हणजे पाटीएवढं यंत्र. अमेरिकेतल्या त्याच्या मामानं पाठवलेलं. त्यात ‘एमएलबी द शो’ नावाचा २०२४ सालचा खेळ होता. एमएलबी म्हणजे मेजर लीग बेसबॉल, अमेरिकेतली सगळ्यात मोठी व्यावसायिक स्पर्धा. आमचे चिरंजीव त्यात चेंडू फेकत होते आणि समोरचा फलंदाज दर दुसऱ्या चेंडूला तो प्रेक्षकांत भिरकावत होता. पोराचा चेहरा रडवेला. जेवायला हाक मारली तर उत्तर नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, “अवं, त्या पोट्ट्याले जेवाले तरी उठव! काय ठेवलं हाय त्या डबड्यात?”

त्याला उठवलं ते माझ्या लेकीनं. ती अमरावतीला कॉलेजात शिकते आणि शाळेपासून सॉफ्टबॉल खेळते. आपल्याकडे शालेय स्पर्धांमध्ये सॉफ्टबॉल आणि बेसबॉल दोन्ही असतात, हे मुली खेळायला लागल्याशिवाय आयांना समजत नाही. सॉफ्टबॉल हा बेसबॉलचाच भाऊ. चेंडू मोठा, मैदान लहान आणि फेक खालून, हात गरागरा फिरवून. लेक तिच्या संघात पिचर आहे, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. तिनं पुतण्याचे पाच-सहा चेंडू पाहिले आणि म्हणाली, “अरे, तू प्रत्येक बॉल कर्व्हच टाकून रायला! दर वेळी चकवा दिला तर तो चकवा कसला?”

चकवा हा शब्द आमच्याकडे सगळ्यांना कळतो. शेतातून रात्री येणाऱ्या माणसाला चकवा लागतो म्हणतात. रस्ता पायाखालचा असतो, म्हणून तर माणूस बिनधास्त चालतो आणि भलतीकडेच निघतो. अनोळखी वाटेवर चकवा लागत नाही, तिथे माणूस आधीच जपून पाऊल टाकतो. बेसबॉलमधल्या वळणाऱ्या चेंडूचं सगळं शास्त्र, मला विचाराल तर, एवढंच आहे. पण ते हाताला येईपर्यंत माझे दोन दिवस गेले.

आधी चेंडू वळतो कसा, ते बघा. क्रिकेटमध्ये फिरकी चेंडू टप्पा पडल्यावर वळतो. बेसबॉलमध्ये टप्पाच नाही. पिचर ज्या उंचवट्यावर उभा असतो तिथून फलंदाजासमोरच्या ‘होम प्लेट’पर्यंतचं अंतर १८.४४ मीटर, आणि चेंडूला जे काही वळायचं ते तेवढ्या हवेतच वळावं लागतं. वेगवान चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. तुम्ही ‘अगं बाई’ म्हणेपर्यंत खेळ खलास!

लेकीनं हे मला संत्र्यावर दाखवलं. दिवाळीच्या सुमाराला आमच्याकडे आंबिया बहाराची संत्री येतात, टोपली भरलेलीच होती. दोन बोटं संत्र्यावर ठेवून सरळ फेकलं की सुटताना बोटं मागच्या बाजूनं खाली ओढली जातात आणि फळ उलटं, म्हणजे फेकणाऱ्याकडे फिरत पुढे जातं. हा ‘फास्टबॉल’. या उलट्या फिरकीमुळे हवा चेंडूला थोडं उचलून धरते, म्हणून तो वाटतो त्यापेक्षा कमी खाली येतो. आता बोटं वरून पुढे ओढत सोडली तर फळ पुढच्या बाजूला गडगडत जातं. हा ‘कर्व्ह’. याला हवा खाली दाबते, म्हणून तो शेवटी धपकन पडतो. मधल्या तिरप्या पिळानं सोडला की तो बाजूला सरकतो, तो ‘स्लायडर’. फिरणाऱ्या वस्तूवर हवेचा असा जोर का पडतो, यावर माग्नुस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८५२ मध्ये प्रयोग केले होते, म्हणून याला ‘माग्नुस परिणाम’ म्हणतात. शिवाय बेसबॉलच्या चेंडूवर लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात. ही उंचावलेली शिवण हवेला धरते. शिवणकाम करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पटकन समजावं! (संत्र्याचं साल गुळगुळीत असल्यामुळे ते फारसं वळलं नाही, आणि सासूबाईंनी टोपली उचलून आत नेली, ते वेगळं.)

आता खेळातलं. यंत्रावर आधी चेंडूचा प्रकार निवडायचा, त्यासाठी वेगवेगळी बटणं. मग समोर एक चौकट दिसते, प्लेटच्या रुंदीची म्हणजे १७ इंच आणि फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीच्या मध्यापर्यंत उंच. याला ‘स्ट्राइक झोन’ म्हणतात. चौकटीतला चेंडू सोडला किंवा कुठलाही चेंडू मारायला जाऊन हुकला की फलंदाजावर एक स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की तो बाद. चौकटीबाहेरचा चेंडू त्यानं शहाण्यासारखा सोडून दिला तर तो ‘बॉल’, आणि असे चार झाले की त्याला फुकटात पहिला तळ मिळतो. थोडक्यात, पिचरला हवं असतं ते हे, की चेंडू चौकटीत येतोय असं फलंदाजाला वाटावं आणि येऊ मात्र नये.

आपण चौकटीवर खूण ठेवतो, तिथे चेंडू वळून शेवटी पोचायचा असतो. पुतण्या खूण चौकटीच्या मध्यभागी ठेवत होता. ‘म्हणजे स्ट्राइक नक्की ना, काकू!’ लेकीनं कपाळावर हात मारला. मध्यभागी येणारा कर्व्ह म्हणजे फलंदाजाला वाढून दिलेलं ताट. कर्व्ह मुळातच हळू असतो. तो खाली पडलाच नाही, मधेच लोंबकळत राहिला, तर त्याच्यासारखा मारायला सोपा चेंडू दुसरा नाही. कर्व्हची खूण गुडघ्याच्याही खाली ठेवायची, जवळजवळ मातीत. फलंदाजाला तो कमरेला येताना दिसतो, तो बॅट फिरवतो, आणि बॅटच्या खालून चेंडू निघून जातो. स्लायडर चौकटीच्या लांबच्या कडेवर सुरू होऊन बाहेर सरकला पाहिजे.

पण हे कधी? खरी गोम इथेच आहे. लेक म्हणाली, आधी फलंदाजाच्या मनात वेग बसव. दोन फास्टबॉल टाक, एक वर, एक आत. त्याचे हात त्या वेगाला सरावले, दोन स्ट्राइक झाले, की तो घाबरलेला असतो. आता तिसरा चुकला तर बाद, म्हणून तो कडेचा चेंडूही सोडायला धजत नाही. कर्व्ह तेव्हा टाकायचा. शिवाय आपल्या हाताशी ‘बॉल’ शिल्लक असतात, चौकटीबाहेर गेला तरी बिघडत नाही. उलट तीन बॉल झालेले असताना मातीत कर्व्ह टाकणं म्हणजे फलंदाजाला हातानं धरून पहिल्या तळावर पोचवून देणं. आणि तिसऱ्या तळावर धावणारा उभा असेल तर आणखी जपायचं, कारण मातीतला चेंडू कॅचरच्या हातून निसटला की तो धावत घरी येतो, फुकटची धाव.

फास्टबॉल आणि कर्व्ह हातातून सुटताना जितके सारखे दिसतील तितकं चांगलं. म्हणून आधीचा फास्टबॉल ज्या उंचीवरून गेला, त्याच वाटेवर कर्व्ह सुरू झाला पाहिजे. ‘चेंज-अप’ नावाचा आणखी एक प्रकार आहे. तो फारसा वळतही नाही. हात फास्टबॉलसारखाच जोरात येतो, पण चेंडू हळू. फलंदाजाची बॅट आधीच फिरून जाते. मला विचाराल तर सगळ्यात लबाड चेंडू हाच!

मग मी स्वतः हातात घेतलं. अंगठ्यानं पट्टी वर जाते, वरच्या टोकाला असताना दाबायचं, खाली येताना रेघेवर पुन्हा दाबायचं. चुकलं की चेंडू भरकटतो. हे मला लवकर जमलं, कुकरच्या शिट्ट्या मोजत दूध उतू न जाऊ देणाऱ्या बाईला वेळ साधायला काय शिकवायचं! पुतण्या मात्र नव्या पद्धतीनं खेळतो. २०२१ च्या आवृत्तीपासून त्यात ‘पिनपॉइंट’ नावाची पद्धत आली. त्यात छोट्या दांडीनं पडद्यावर ठरावीक आकार गिरवायचा. फास्टबॉलचा आकार सोपा, वळणाऱ्या चेंडूंचा अवघड. रांगोळीची सवय असूनही मला तो अजून नीट येत नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली, ती पुतण्याच्या आली नव्हती. पिचरच्या दमाची एक पट्टी पडद्यावर असते. ती उतरत जाते तसतसा त्याचा नेम सुटत जातो. पोरगं सातव्या डावातही त्याच दमलेल्या पिचरकडून कर्व्ह टाकून घेत होतं, आणि तेच फटके खात होतं. “अरे, त्याला बसव की आता, दुसरा आण,” मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मीच मैदानात उतरले! त्या डावानंतर तो आपण होऊन मला खेळातलं सांगू लागला. डावखुरा फलंदाज आला की माझा स्लायडर मार खातो, हेही त्यानंच दाखवून दिलं. उजव्या हातानं टाकलेला स्लायडर डावखुऱ्याकडे आत वळतो, म्हणून त्याला चेंज-अप बरा, तो बाहेर जातो.

चार दिवसांत फराळापेक्षा गप्पाच जास्त झाल्या. आणि त्यातच मला कळलं की २०२४ च्या या आवृत्तीत पहिल्यांदाच स्त्री खेळाडू घडवून तिची कारकीर्द खेळता येते. शिवाय अमेरिकेत काळ्या खेळाडूंना गोऱ्यांच्या संघात प्रवेश नव्हता, त्या काळातल्या त्यांच्या वेगळ्या लीगच्या गोष्टीही त्यात खेळायला दिल्या आहेत. त्यांत टोनी स्टोन ही बाई आहे, १९५३ मध्ये ती इंडियानापोलिस क्लाउन्स या पुरुषांच्या संघातून खेळली. त्याच संघात त्याच वर्षी मेमी जॉन्सन ही पिचर आली. उंची जेमतेम सव्वापाच फूट, म्हणून टोपणनाव ‘पीनट’, शेंगदाणा! आपला कर्व्ह सॅचेल पेज या त्या काळच्या नामांकित पिचरनं सुधारून दिला, असं ती सांगत असे.

त्याही आधीची गोष्ट जॅकी मिचेलची. २ एप्रिल १९३१, चॅटनूगा. १७ वर्षांच्या या मुलीनं एका प्रदर्शनीय सामन्यात बेब रूथ आणि लू गेरिग या दोघांना एकामागोमाग बाद केलं. आपल्याकडे सचिन आणि द्रविडला लागोपाठ बाद केल्यासारखंच हे. तिच्या हाती अगदी शेवटी खाली पडणारा चेंडू होता, तो तिनं लहानपणी शेजारी राहणाऱ्या डॅझी व्हान्स या पिचरकडून शिकला. तो प्रसंग गर्दी खेचण्यासाठी ठरवून घडवला होता का, यावर अजूनही वाद घालतात. पुरुष बाद झाले की असे वाद फार काळ टिकतात, असं माझं आपलं निरीक्षण!

आपल्या मुलीही यात अगदीच मागे नाहीत. २०१६ मध्ये दक्षिण कोरियात महिलांचा बेसबॉल विश्वचषक झाला, त्यात भारताचा संघ होता. आमच्या लेकीला हे माहीत होतं, मला तिच्याकडून कळलं. ती सातवीत सॉफ्टबॉल खेळायला लागली तेव्हा ‘पोरीच्या जातीनं हात कायले फिरवा लागते असा?’ असं विचारणाऱ्या सासूबाईच आता तिचा मोजा उन्हात वाळवतात.

आता मला जे मुळात सांगायचं आहे ते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यामागून ‘धप्प, धप्प’ असा आवाज येत होता. जाऊन पाहते तर पुतण्या. लेकीच्या पिशवीतला जुना बेसबॉल घेऊन, भिंतीवर कोळशानं चौकट काढून, मनगट पिळून पिळून कर्व्ह टाकत होता. कितीवेळचा, कोण जाणे. नाश्त्याला बसला तर उजव्या हातानं कप उचलेना. कोपराच्या आतल्या बाजूला दुखत होतं. सासूबाईंनी तेलाची वाटी गरम करायला घेतली, पण लेक एकदम गंभीर झाली. ‘आठवडाभर बॉलला हात लावायचा नाही आणि नागपूरला गेल्यावर डॉक्टरांना दाखवायचं,’ असं तिनं काकाला बजावलं.

कारण तिनं मग नीट समजावून सांगितलं. वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून कोवळं असतं, तिथे वाढीची कूर्चा असते. जोरात फेकताना सगळा ताण तिथे येतो. अमेरिकेत मेजर लीग आणि तिथली बेसबॉल संघटना यांनी डॉक्टरांना घेऊन २०१४ मध्ये ‘पिच स्मार्ट’ नावाचे नियम काढले. ११-१२ वर्षांच्या मुलानं सामन्यात दिवसाला ८५ पेक्षा जास्त चेंडू टाकायचे नाहीत. २० पर्यंत टाकले तर दुसऱ्या दिवशी टाकले तरी चालतील, २१ ते ३५ झाले तर एक दिवस विश्रांती, ३६ ते ५० झाले तर दोन, ५१ ते ६५ झाले तर तीन, आणि ६६ किंवा त्याहून जास्त झाले तर चार दिवस. आणि मुख्य म्हणजे ९ ते १२ वयात फक्त फास्टबॉल आणि चेंज-अप. वळणारे चेंडू १३-१४ व्या वर्षापासून, तेही हे दोन नीट जमल्यावरच. कर्व्हच जास्त घातक की नुसतं अति फेकणं, यावर तिथल्या डॉक्टरांतही एकमत नाही. पण अति फेकणं वाईट, याबद्दल मात्र कोणाचं दुमत नाही.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरातला स्नायुबंध तुटला, तेव्हा १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या दुसऱ्या हातातला कंडरा काढून तिथे बसवला. तो १९७६ मध्ये पुन्हा मैदानात आला आणि १९८९ पर्यंत खेळला. या शस्त्रक्रियेला आजही त्याचंच नाव आहे, आणि व्यावसायिक पिचरांमध्ये ती आता नेहमीची झाली आहे. पुतण्यानं डोळे मोठे करून विचारलं, “म्हणजे खेळातल्या पिचरलाही दुखतं?” खेळातल्या पिचरची पट्टी उतरते आणि विश्रांतीनंतर पुन्हा भरते. बारा वर्षांच्या पोराच्या हातावर अशी पट्टी दिसत नाही, ती घरच्यांनी मोजावी लागते. आणि मोजायची कशी? पोरगा पडद्यात काय शिकतोय आणि उद्या गोठ्यामागे काय करणार आहे, हे ठाऊक असेल तर ना! क्रिकेटवाल्या मुलांच्या आयांनीही हे ध्यानात घ्यावं. मोबाइलवर गुगली टाकून झाली की उद्या ती गल्लीत टाकून पाहिली जाते, आणि मग शंभर शंभर चेंडू होतात.

जाऊबाईचं म्हणणं पडलं की ते यंत्रच कपाटात बंद करून टाकावं. मी म्हटलं, नको. यंत्रात त्यानं हवे तेवढे कर्व्ह टाकावेत, तिथे कोपर झिजत नाही. वेळ तेवढी ठरवून द्या, संध्याकाळी एक तास. आमच्याकडे सामुदायिक प्रार्थनेची वेळ झाली की ते आपोआप बंद व्हायचं, नागपूरला घड्याळ लावावं लागेल एवढंच.

डॉक्टरांनी दोन आठवडे विश्रांती सांगितली, हाड सुरक्षित होतं. आता तो कंपाउंडच्या भिंतीवर खडूनं चौकट काढून फेकतो, दिवसाला वीस चेंडू, एक दिवसाआड. प्रत्येक चेंडूमागे वहीत एक रेघ मारतो आणि रविवारी लेकीला फोनवर वाचून दाखवतो. कर्व्ह कधी शिकवणार, हे दर वेळी विचारतोच. तिचं उत्तर ठरलेलं आहे. आधी तेरा वर्षं पूर्ण होऊ देत, आणि वीसपैकी पंधरा फास्टबॉल चौकटीत बसू देत. गेल्या रविवारी नऊ बसले होते.